मुलींनी वित्तशास्त्र का शिकावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी काही वक्ती नाही. पण माझी झालेली फजिती ऐकून एखादीचे तरी नुकसान टळेल, म्हणून चार शब्द बोलायला उभी राहिले आहे.

नात्यातल्या एकाने धंद्यासाठी कर्ज काढले. “काकू, जामीन लागतो, नुसती सही करा,” असे तो म्हणाला. मी चहा गाळता गाळता सही करून दिली. पुढे त्याचे हप्ते थकले आणि नोटीस माझ्या नावाने आली. माझी मुलगी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ती म्हणाली, “आई, १८७२ च्या करार कायद्यात कलम १२८ आहे. करारात वेगळे काही ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.” माझ्या दोन पाटल्या मोडल्या तेव्हा ते कर्ज फिटले. आणि भगिनींनो, हिला या शाखेत घालताना “पैशाचे शिक्षण मुलीच्या जातीला कशाला?” असे म्हणणारी मीच होते!

या अभ्यासात असते तरी काय? जमाखर्च आणि ताळेबंद, करार कायदा, आयकर, लेखापरीक्षण आणि वित्तव्यवस्थापन. या शेवटच्या विषयाचे सार मुलीने मला एका उदाहरणाने सांगितले. महिना शेकडा दोन व्याजाने दहा हजार रुपये घेतले आणि तीन वर्षे काहीच फेडले नाही, तर सरळ व्याजाने १७,२०० रुपये होतात. तेच व्याज दरमहा मुद्दलात मिळत गेले, तर सुमारे २०,४०० होतात. म्हणजे कर्ज दुप्पट! “शेकडा दोन” हा शब्द आपण जन्मभर ऐकला. हा हिशेब आपल्यापैकी किती जणींनी मांडला?

पैशाच्या व्यवहाराला नियम हवेत, हा विचार आपल्या भागाला नवा नाही. आपल्याच जिल्ह्यातील कारंज्याला १८८६ साली नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला. देशातील अशा बाजारांत तो पहिला मानतात. पुढे १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदाच झाला. परंतु वऱ्हाडात कापूस वेचला बायांनी, आणि हिशेबाची पट्टी राहिली पुरुषांच्या खिशात. ती पट्टी वाचणारी लेक आता घरात हवी.

त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. बारावीनंतर तीन वर्षांत पदवी मिळते. नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाचीही सोय आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आपल्या जिल्ह्यात आहेत. वाणिज्य पदवीला ५५ टक्के गुण मिळाले, तर सनदी लेखापालाच्या अभ्यासक्रमात पहिली पायरी वगळून थेट मधल्या परीक्षेकडे जाता येते. गणिताची धास्ती घेऊ नये. सुरुवातीला टक्केवारी, गुणोत्तर आणि चिकाटी एवढी शिदोरी पुरते.

मात्र नुसत्या पदवीने नोकरी चालून येईल, अशी आशा मी कोणाला लावणार नाही. पुस्तकातली विद्या हाताखालून गेली पाहिजे. मुलीने शिकता शिकता एखाद्या कर सल्लागाराकडे बसून वह्या लिहाव्यात, पावत्या जुळवाव्यात.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या मंडळाचा आणि बचत गटांचा जमाखर्च दर महिन्याला वाणिज्य शाखेच्या मुलींनी मांडावा आणि सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. त्यांना सराव होईल, आपल्याला समज येईल. आणि कोणी “काकू, नुसती सही करा” म्हणाले, तर आधी कागद लेकीच्या हाती द्यावा.