विजेची गिटार: तिचें मर्म व तिची निवड



महोत्सवाची तयारी चालली असतां आपल्यांतील कांहीं तरुण मजकडे येऊन म्हणाले, “फादर, आम्हांस विजेची गिटार घ्यावयाची आहे, कोणती घ्यावी?” घरोघरच्या काटकसरीचा पैसा खर्च व्हावयाचा, म्हणून त्याविषयीं दोन शब्द बोलतों.

साध्या गिटारीचा स्वर तिच्या पोकळ पोटांत घुमतो. विजेच्या गिटारीचें अंग बहुधा भरीव असतें. तिच्या तारांखालीं लोहचुंबक असून त्याभोवतीं तांब्याच्या बारीक तारेचे हजारों वेढे असतात. यासच पिकअप म्हणतात. पोलादी तार कांपली, कीं वेढ्यांत सूक्ष्म वीज उत्पन्न होते व अँप्लिफायर तिचा मोठा ध्वनि करितो. हें तत्त्व फॅरडेनें १८३१ सालींच दाखविलें होतें. नायलॉनच्या तारा येथें मुक्याच राहतात, त्याचें कारण हेंच.

पिकअपच्या मुख्य जाती दोन. एकेरी वेढ्याच्या पिकअपचा स्वर स्वच्छ व धारदार. परंतु तो भोंवतालच्या विजेची गुणगुणहि ओढून घेतो. फेंडर कंपनीची १९५४ सालची स्ट्रॅटोकास्टर या जातीची. दुसरा हंबकर; त्यांतील दोन वेढे परस्परांची गुणगुण मारितात व स्वर भरदार निघतो. गिब्सनच्या लेस पॉल गिटारीस तो १९५७ पासून बसविला गेला. आपणांस कोणता स्वर हवा, हें प्रथम कानानें ठरवावें.

रंगास भुलूं नये. मान डोळ्यासमोर सरळ धरून ती पिळलेली नाहीं ना, हें पाहावें. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवावी. खरखर होतां कामा नये. बाराव्या पडद्यावरील स्वर मोकळ्या तारेहून बरोबर एक सप्तक वर असावा. अँप्लिफायरसाठीं पैसे राखून ठेवावे व एखादा जाणता वादक बरोबर न्यावा.

मीं तसें केलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं गायकवृंदासाठीं मीं एक झगझगीत गिटार आणिली. तिच्या तारा इतक्या उंच होत्या, कीं वाजविणाऱ्या मुलाचीं बोटें सुजत. “मला हें यावयाचें नाहीं, फादर,” असें म्हणून त्यानें ती सोडिली. पुढें एका कारागिरानें अर्ध्या तासांत तारा खालीं बसवून दिल्या. पण मुलगा परत आला नाहीं.

पालकहो, मुलास गळा नाहीं, हात नाहीं, असें म्हणण्यापूर्वीं त्याच्या हातांतील वाद्य एकवार तपासून पाहा, एवढीच माझी विनंति आहे.