साड्या आल्या, परकर नाहीत
(पावसाळ्यापूर्वीच्या संघाच्या सभेतलं भाषण)



वरंधा घाट उतरला की महाडचा मुलूख. भोरच्या किती लेकी तिकडे दिल्यात, ते तुम्हीच मला सांगाल. २२ जुलै २०२१ ला त्याच महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीच्या वर माणसं गेली. महाड शहरातही पूर होता. तेव्हा मी कॉलेजात होते. आम्ही पोरापोरींनी पुण्यात कपडे गोळा केले, टेम्पो भरला आणि लांबच्या वाटेनं निघालो. वाटलं, केवढं मोठं काम करतोय!

तिकडे एका निवाऱ्यात एक मावशी पुढे आल्या. हातात आमचीच साडी. हळूच म्हणाल्या, "बाय, परकर हाय का? निऱ्या खोचू कशात?" अख्ख्या टेम्पोत एक परकर नव्हता. आतले कपडे नाहीत, पाळीचे पॅड नाहीत. नऊवारी नेसणाऱ्या आज्यांनाही पाचवारीच. जरीच्या साड्यांचा मात्र ढीग, आणि तोही पावसात भिजत पडलेला. निघण्याआधी तिथल्या एका बाईला फोन लावावा, हे कुणालाच सुचलं नव्हतं.

अशा चुका मोठमोठ्या संस्थांकडूनही झाल्यात. १९९४ मध्ये आफ्रिकेत रवांडातल्या कत्तलींनंतर लाखो लोक शेजारच्या देशांत पळाले. छावण्यांत मदत देणाऱ्यांची गर्दी होती, तरी कॉलऱ्यानं हजारो मेले. त्यानंतर संस्थांनी एकत्र बसून 'स्फिअर' नावाची मानकं ठरवली. माणशी रोज निदान १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक संडास, बायकांचा वेगळा, उजेड असलेला, आतून कडी लागणारा. त्या कडीचं वाचून मला आधी हसू आलं होतं. पण शाळेच्या खोलीत चार वाड्यांची माणसं झोपली की बाई अंधाराच्या भीतीनं संध्याकाळपासून पाणीच पीत नाही. कुणी हात लावला तरी सांगायचं कुणाला?

किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर घरं दुरुस्त करताना गावोगाव बायकांना 'संवाद सहायक' नेमलं होतं. कुणाचा हप्ता अडलाय, काम नीट होतंय का, हे त्या घरोघर विचारायच्या. त्यांतल्या बऱ्याच जणी नंतर बचतगटात आल्या.

मग आपण तर आधीच गटात आहोत! कोण गरोदर, कुणाला साखरेची गोळी लागते, कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली, हे तलाठ्याच्या आधी आपल्याला माहीत असतं. ते गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं. वेल्ह्यातल्या डोंगराखालच्या वाड्यांनी आधी. "असलं लिहिणं अपशकुनी," असं मागच्या वेळी एक काकू म्हणाल्या. त्यांचा राग नाही मला. पण विमा काढतोच की आपण!

आधार, रेशनकार्ड, पासबुक एका प्लास्टिकच्या पिशवीत, दाराजवळ. आणि दुसऱ्या गावावर वेळ आली तर आधी तिथल्या गटाच्या अध्यक्षेला फोन, मगच गोळा करायचं.

पुढच्या बैठकीला वह्या आणा. शेवटचं पान मी बघणार आहे.