अंधार करण्याची घाई



नाटक लिहिणाऱ्यांशी, त्यातही नव्याने लिहू लागलेल्यांशी आज बोलायचं आहे. मिनिटं दहाच आहेत, त्यामुळे अंक म्हणजे काय, प्रवेश म्हणजे काय यात शिरत नाही; ते तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. एकांकिका स्पर्धांचा मोसम आला की एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, प्रवेश साधारण किती मिनिटांचा असावा?’ कुणी म्हणतं पाच, कुणी म्हणतं सात. एकाने तर मला वहीत आखलेला तक्ताच दाखवला. प्रवेश क्रमांक, पानं, मिनिटं, आणि खाली बेरीज. बेरीज अगदी बरोबर होती.

आता मला सांगा, घरी दही लावताना आपण असा तक्ता करतो का? दूध कोमट आहे ना, विरजण नीट कालवलंय ना, एवढं बघतो आणि भांडं झाकून ठेवतो. पुण्यात जानेवारीत ते भांडं टॉवेलात गुंडाळून ठेवलं तरी सकाळपर्यंत थांबावं लागतं. रत्नागिरीला मे महिन्यात तेच काम दुपारच्या जेवणाआधी होऊन जातं. किती तास, हे दूध आणि हवा ठरवते. आपल्याकडे एकच जबाबदारी असते, ती म्हणजे भांडं हलवायचं नाही. घरातलं एखादं पोर मात्र दर थोड्या वेळाने झाकण काढतं, भांडं कलतं करतं आणि विचारतं, ‘लागलं का?’ मग ते दही काही धड लागत नाही. वर पाणी, खाली गुठळ्या.

आमचे नवे नाटककार मला त्या पोरासारखे वाटतात. रागवू नका. त्यांच्या हातात झाकणाऐवजी ब्लॅकआउट असतो, एवढंच.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो आणि मग पुन्हा पुन्हा त्याच्यावरच येणार आहे. प्रवेश सुरू होताना माणूस जिथे उभा होता, तिथे त्याला आता परत जाता येणार नाही, अशी वेळ आली की प्रवेश लागला. त्याच्या आधी अंधार करू नका. मग ती वेळ दीड मिनिटात येवो नाहीतर पस्तीस मिनिटांत.

मध्यंतरी एक एकांकिका वाचायला आली होती. दादरची जुनी इमारत, पुनर्विकास, बिल्डरचा संमतीचा कागद, आणि सही न करणारे वडील. विषय नेहमीचा, पण लेखकाची भाषा चांगली. पहिला प्रवेश, मुलगा ऑफिसातून येतो, बॅग ठेवतो, ‘बाबा, बोलायचं होतं’ म्हणतो. अंधार. दुसरा प्रवेश, जेवण झालंय, मुलगा कागद वडिलांच्या पुढे ठेवतो. अंधार. तिसऱ्या प्रवेशात सकाळ, कागद तसाच, मुलगा चिडलेला. अहो, कागद पुढे आला तिथे तर नाटक सुरू होत होतं! तिथेच दिवे घालवले.

मी लेखकाला म्हटलं, अंधार खोड आणि पुढे लिही. बाबा काय करतात? तो म्हणाला, ‘चष्मा मागतात.’ बरं, मग? ‘वाचतात. सगळं वाचतात, बारीक अक्षरातलंसुद्धा.’ मुलगा काय करतो? ‘पंखा वाढवतो.’ पुढे? जरा थांबून तो म्हणाला, ‘बाबा पेन मागतात. पेन चालतंय का ते पेपरच्या कडेला बघतात. तिथे पूर्ण नाव लिहून झोकात सही करतात. मग टोपण लावून पेन परत देतात.’

बघा! सही झाली, पण वर्तमानपत्रावर. आता मुलगा ‘बाबा, बोलायचं होतं’ म्हणणारा मुलगा राहू शकत नाही. बाबांनाही उद्या ‘विसरलो’ म्हणता येणार नाही. इथे करा अंधार. तीन प्रवेशांचा एक झाला, आणि किती मिनिटांचा झाला हे लेखकालाही सांगता आलं नाही.

हे तुकडे पाडण्याचं खूळ कुठून आलं, त्यावर फार वेळ घालवत नाही. मालिका आणि वेब सिरीज बघत वाढलेली पिढी आहे. कॅमेऱ्याला स्वयंपाकघरातून स्टेशनावर जायला क्षण पुरतो. रंगमंचावर मात्र त्या क्षणात कुणीतरी अंधारात खुर्ची उचलत असतं, नट जमिनीवरची रेडियमची खूण शोधत असतो, आणि प्रेक्षकांत तीन जण खोकतात, दोघे मोबाइल उघडतात. एक ब्लॅकआउट वीस सेकंदांचा धरा. बारा प्रवेश असले की अकरा अंधार, म्हणजे तीन मिनिटं चाळीस सेकंद काळोख. तेवढ्या वेळात बाबांची सही दोनदा होईल. आणि सेकंदांचं एक वेळ सोडा, दर वेळी तापलेला प्रेक्षक पुन्हा थंड होतो, ते नुकसान मोठं.

कंपनी नाटकांच्या काळात प्रवेश आखूड-लांब होण्यात पडद्यांचाही हात होता. पुढे रस्त्याचा पडदा सोडायचा, त्याच्यासमोर दोन विनोदी पात्रांनी वेळ काढायचा, कारण मागे महाल मांडायचं काम चालू असे. शिवाय गाणाऱ्या नटाला ‘वन्स मोअर’ मिळाला की घड्याळाचं कुणी ऐकत नसे. पुढे मामा वरेरकरांच्या काळात इब्सेनच्या वाटेने एकप्रवेशी अंक आला, 1933 साली नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आणलं, आणि दिवाणखान्यात बसून अंकभर बोलायची सवय मराठी नटांना लागली. तीही सवय पुढे अति झाली, पण तो वेगळा विषय.

मला सांगायचंय ते तेंडुलकरांबद्दल. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, 1967. तीन अंक, एकच हॉल, एकच दिवस. सुरुवातीलाच सामंत आणि बेणारेबाई आत येतात. दाराच्या कडीत बाईंचं बोट चेमटलेलं असतं, आणि सामंत त्या कडीची खोड सांगतो, की नीट सरकवली नाही तर दार बाहेरून अडकून बसतं. हे सगळं गप्पांच्या ओघात. हे विरजण, बरं का. चमचाभरच, आणि कालवलेलं कुणाला दिसत नाही. मग बाकीची नाटकमंडळी येतात, पान-तंबाखू, थट्टा, वेळ घालवायला लुटुपुटीचा खटला. आरोपी बेणारे. थट्टेचे प्रश्न हळूहळू खरे होत जातात. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बाई निघून जायला दाराकडे धावतात, आणि दार उघडत नाही.

आता तिथे मध्ये तीनदा अंधार करून बघा. प्रत्येक अंधारात बेणारे विंगेत जाईल, पाणी पिऊन येईल. प्रेक्षकाच्या मनाने ती तिथेच सुटली. तेंडुलकरांनी तिला पाणी प्यायला जाऊ दिलं नाही, म्हणून ते दार आपल्यालाही बंद वाटतं. त्या अंकाची लांबी हीच त्याची ताकद आहे. पुन्हा सांगतो, कारण इथे ऐकणाऱ्याचं लक्ष घटनेकडे जातं आणि लांबीकडे जात नाही : माणूस सापडला पाहिजे, आणि सापडेपर्यंत त्याला बाहेर सोडायचं नाही.

कुणी म्हणेल, म्हणजे प्रवेश लांबच हवेत? नाही, नाही. त्याच तेंडुलकरांचं 1972 चं ‘घाशीराम कोतवाल’ घ्या. प्रसंग भराभर बदलतात, काही तर इतके आखूड की श्वास घ्यायला फुरसत नाही. पण जब्बार पटेलांच्या प्रयोगात जागा कोण बदलत होतं? रांगेत उभ्या नटांची, माणसांची ती भिंत. ती वळली, डुलली, गायली, की पुणं बदललेलं असायचं. त्या धावत्या प्रसंगांना मधला अंधार लागला नाही. तेव्हा आखूड प्रवेश लिहा, खुशाल लिहा, पण एका प्रवेशातून दुसऱ्यात जायचं कसं हे आधी ठरवा. ‘ते दिग्दर्शक बघेल’ असं म्हणू नका. दिग्दर्शक काय बघणार, तो दिवे घालवणार!

उलट टोकाला ‘चारचौघी’तला फोन. प्रशांत दळवींचं 1991 चं नाटक. विद्या फोनवर बोलते आहे, पलीकडचा नवरा आपल्याला ऐकूही येत नाही. वंदना गुप्ते यांनी तो प्रवेश गाजवला, पुढे नव्या संचात मुक्ता बर्वे यांनी केला. एक बाई, एक रिसीव्हर. लिहिताना कुणालाही वाटलं असतं की अर्ध्यावर कापावं, लोक कंटाळतील. कंटाळत नाहीत, कारण पलीकडून येणाऱ्या प्रत्येक उत्तरासरशी तिची परत जायची एकेक वाट बंद होत जाते. हे ऐकून उद्या वीस पानांचं फोनवरचं स्वगत लिहायला बसू नका मात्र.

लागलेलं दही ओट्यावर तसंच राहिलं तर आंबतं, हेही सांगायला हवं. प्रवेश लागला, माणूस सापडला, आणि लेखकाचा मोह सुटत नाही. मग पात्रं झालेल्या गोष्टीवर बोलत बसतात. ‘आज मला कळलं, की नाती म्हणजे...’ वगैरे. वर टाळीचं वाक्य. टाळी येतेही, आणि त्यामुळे लेखक बिघडतो. त्या दादरच्या एकांकिकेतही पेन परत दिल्यावर मुलाला आठ ओळींचं भाषण होतं. प्रत्येक प्रवेशाच्या शेवटच्या चार-पाच ओळी हाताने झाका आणि वाचा. चाललं तर त्या ओळी काढा. बहुतेक वेळा चालतं.

स्टुडिओच्या काचेपलीकडून दोन बोटं दिसतायत, म्हणजे दोन मिनिटं. व्यवहाराचं एक सांगून टाकतो. काही वेळा प्रवेशाला थोडी लांबी कपड्यांसाठी द्यावी लागते, त्यात कमीपणा नाही. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मध्ये, 1962 साली, फिरता रंगमंच होता आणि नट पणशीकर एकामागून एक सोंगं बदलत होते. तिथे ‘हा नट आता कुठे आहे आणि कोणत्या वेषात आहे’ याचा हिशोब कुणीतरी केलेलाच असणार. तुमच्या संहितेतही नायिका नऊवारी नेसून गेली आणि पुढच्याच पानावर ऑफिसच्या कपड्यांत आली, तर मध्ये काय घडतंय ते लिहा. त्या जागेत नुसतं भरताड नको. तिथेही कुणीतरी सापडायला हवं.

मध्यंतराच्या आधीच्या प्रवेशाचं राहिलंच. निर्माता म्हणेल, पहिला अंक लांबलाय, नाट्यगृहाची वेळ ठरलेली आहे, पुढच्या प्रयोगाची मंडळी दारात उभी असतात. त्याचंही खोटं नाही, त्याच्याशी भांडू नका. पण कापायची वेळ आली तर प्रत्येक प्रवेशातून चार-चार ओळी काढू नका. मधला एखादा प्रवेश अख्खा उचला. सगळीकडून थोडं थोडं काढलं की सगळेच प्रवेश अर्धवट राहतात, आणि अख्खा काढला तर निदान... आता एकच बोट आहे. अख्खा प्रवेश काढल्यावर त्यातलं काय शेजारच्या प्रवेशात मुरवायचं आणि काय सोडून द्यायचं, हे पुन्हा कधी बोलावलंत तर सांगेन.