फोटोने भरलेलं अक्षर

मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची शीर्षकं आठवतात? नुसत्या अक्षरांवरून नाटकाचा स्वभाव कळायचा. तशी हातोटी एका दिवसात येत नाही, पण सजवलेलं अक्षर घरच्या संगणकावर नक्की करता येतं.

‘गिम्प’ हे फोटो-संपादनाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. आधी फाँट जाड निवडा. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेला ‘बालू’ मोफत आहे आणि चांगला भरदार आहे. बारीक रेषेच्या अक्षरात फोटो दिसतच नाही.

आता समजा, ‘क’ झेंडूच्या फुलांनी भरायचा आहे. खालच्या लेयरवर अक्षर, वरच्या लेयरवर फुलांचा फोटो. अक्षराच्या आकाराचं सिलेक्शन करा आणि त्यावरून फोटोला लेयर मास्क लावा. फुलं फक्त अक्षरातच उरतात. मास्क लावण्याआधीच फोटो सरकवून पाहा; पाकळ्या नेमक्या कुठे याव्यात, हे ठरवण्यातच खरा आनंद आहे. मग हलकीशी सावली द्या. हलकीच, कारण गडद सावलीने अक्षराचं पोट बुजतं.

देवनागरीत एक काळजी घ्यावीच लागते. पूर्ण नाव लिहायचं असेल, तर शब्द अखंड टाइप करा. अक्षरं सुटी करून जोडली, तर शिरोरेषेत फट दिसते. गिम्पऐवजी फोटोशॉपची जुनी आवृत्ती वापरत असाल आणि तिच्यात वेलांटी किंवा जोडाक्षर विस्कटलं, तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडा.

छापायचं असेल, तर पाच सेंटिमीटरच्या अक्षराला सुमारे 600 पिक्सेल ठेवा आणि फाइल पीएनजीमध्ये साठवा. जेपीईजीत पारदर्शक पार्श्वभूमी टिकत नाही.