नातवाचं घड्याळ

रायपूरहून बोलतोय. आमच्या रायपूरचे रमेश बैस महाराष्ट्राचे राज्यपाल असताना, डिसेंबर २०२३ मध्ये, मुलांची झोप व्हावी म्हणून शाळेच्या वेळा बदला म्हणाले. २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नका, असा आदेशही निघाला. चांगलंच झालं! पण शरीराचं घड्याळ खरं उशिरावर जातं ते पुढे, कॉलेजच्या वयात. साठीनंतर आपण पहाटे चारला उठतो तेही वयामुळेच. फौजी शिस्तीला त्याचं श्रेय मी देत नाही. तेव्हा अकरावीतल्या नातवाला आळशी म्हणू नका. सुट्टीत गजर न लावता तो कधी झोपतो, कधी उठतो, ते आठवडाभर टिपा. अवघड गणितं संध्याकाळी सोडवू द्या. सकाळी उन्हात फिरवा, रात्री मोबाईल लांब ठेवा. घड्याळ थोडं अलीकडे येतं.