स्मृती मोजावी कशी?



'साठी बुद्धी नाठी' असे म्हणून आपण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या विसरण्याचा विषय मिटवून टाकतो. परंतु विसरणे किती व कोणत्या जातीचे, हे मोजता येते. लक्ष पाहावयाचे तर परीक्षक सुटे आकडे सांगतो, सात, तीन, नऊ. ऐकणाऱ्याने ते तसेच, आणि मग उलट्या क्रमाने म्हणावयाचे. स्मृतीसाठी तीन वस्तूंची नावे सांगतात, मध्ये दुसरेच काही विचारतात, आणि ती नावे पुन्हा विचारतात. तिसरा भाग मनाच्या कारभाराचा: बेत आखणे, सवयीला आवर घालणे. यासाठी स्ट्रूप या मानसशास्त्रज्ञाने 1935 साली प्रसिद्ध केलेली कसोटी मोठी गमतीची आहे. 'तांबडा' हा शब्द हिरव्या शाईत लिहिलेला असतो; शब्द वाचावयाचा नाही, शाईचा रंग सांगावयाचा. वाचता येणारा अडखळतो. ज्याला अक्षरओळख नाही तो मात्र धडाधड रंग सांगत सुटतो! त्याचा मनावर ताबा अधिक, असे समजावे काय? मुळीच नाही. त्याच्यापुढे सापळाच मांडलेला नसतो.

खरी मेख येथे आहे. शिकलेल्यांसाठी रचलेली कसोटी न शिकलेल्यांपुढे ठेवली, की ती स्मृतीऐवजी शाळाच मोजू लागते. मुलूख व भाषा बदलली तरी असाच घोटाळा होतो. बिने व सिमाँ यांनी 1905 मध्ये पॅरिसला मुलांसाठी कसोटी रचली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तिचे नुसते भाषांतर न करता मराठी व कानडी मुलांवर ती पारखून नव्याने बसविली. त्यांचा ग्रंथ 1940 साली निघाला. वृद्धांसाठी अमेरिकेत 1975 मध्ये तयार झालेली एक कसोटी वाक्य लिहावयास सांगते. हरियाणातल्या बल्लभगढ भागातील निरक्षर वृद्धांपुढे ती चालावी कशी? 1995 साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी कसोटीत कागदावरची आज्ञा वाचून डोळे मिटावयाचे नसतात; परीक्षकाने मिटले, की तसेच आपण मिटावयाचे.

आपल्या परतूरच्या आजीला तारीख विचाराल तर ती कदाचित गप्प बसेल. तिथी विचारा, वार उलटे म्हणावयास सांगा. मात्र कोणत्या लग्नात कोणाचा आहेर काय, हे बिनचूक सांगणारी आजी आता नुकतेच जेवल्याचेही विसरू लागली, तर 'शिकलेली नाही बिचारी' म्हणून स्वस्थ बसू नका. थायरॉइडचा विकार, ब-12 जीवनसत्त्वाची उणीव, मनाची उदासी, यांनीही स्मृती मंदावते, आणि यांवर इलाज आहेत. कानही तपासून घ्यावेत. जे ऐकूच आले नाही ते आठवणार कोठून? आणि डॉक्टरांकडे जाताना तिच्याजवळ सदा वावरणारी लेक किंवा सून बरोबर न्यावी. सहा महिन्यांपूर्वी आजी दुधावर नीट लक्ष ठेवीत असे की तेव्हाही दूध उतू जात असे, हे तिलाच सांगता येईल.