प्रसंग, नियम आणि निःस्वार्थ प्रेम

खरें बोलावें हा नियम सर्वांस मान्य आहे. परंतु सत्यकथनानें निरपराध माणसाचा प्राण जात असेल तर काय करावें? मित्राच्या जिवावर उठून दारीं आलेल्या मारेकऱ्याशींही असत्य बोलतां येणार नाहीं, असें उत्तर जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७९७ सालीं दिलें. अमेरिकेंतील ख्रिस्ती नीतिशास्त्राचे अध्यापक जोसेफ फ्लेचर यांनीं १९६६ सालच्या आपल्या ग्रंथांत उलट मत मांडलें. स्वभावतःच चांगली अशी वस्तु एकच, ती म्हणजे प्रेम. बाकीचे नियम मार्गदर्शक खरे, पण प्रेमापुढें ते गौण होत. हें प्रेम म्हणजे आसक्ति नव्हे. ‘अगापे’ या ग्रीक शब्दानें दर्शविलेली, नावडत्याचेंही हित इच्छिणारी ती वृत्ति होय.

यावर आक्षेप उघड आहे. प्रसंग पाहून नियम मोडण्याची मुभा मिळाली, तर लबाडालाही प्रेमाचें निमित्त पुरेल.

या आक्षेपाचा विचार करण्यास महाभारत उपयोगी पडतें. गांडीव दुसऱ्यास दे असें म्हणणाऱ्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. संतापाच्या भरांत युधिष्ठिरानेंच तसें म्हटल्यावर अर्जुनानें तलवार उपसली. तेव्हां श्रीकृष्णानें त्यास कौशिकाची कथा सांगितली. सत्यवादी म्हणून ख्याति पावलेल्या या ब्राह्मणानें, रानांत लपलेल्या लोकांचा ठिकाणा दरोडेखोरांना खरा सांगितला. ते लोक मारले गेले. कौशिक नरकांत गेला. उलटपक्षीं, अश्वत्थाम्याविषयीं संदिग्ध बोलून द्रोणाचार्यांना शस्त्र खालीं ठेवावयास लावणाऱ्या युधिष्ठिराचा, भूमीपासून चार बोटें वर चालणारा रथ जमिनीला टेकला. लोकमान्य टिळकांनींही १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणांत सत्याच्या अपवादांची चर्चा केली आहे.

एक खरें बोलून बुडाला, दुसऱ्याला असत्यानें उणेपण आलें. यांत विसंगति दिसते, पण ती नाहीं. कौशिकाला आपलें व्रत प्रिय होतें, परक्यांचे प्राण नव्हते. युधिष्ठिराच्या शब्दांत स्वपक्षाच्या जयाची इच्छा होती. दोघांच्याही ठिकाणीं उणीव एकच, ती निःस्वार्थतेची.

म्हणून नियम मोडणाऱ्यानें स्वतःला दोन प्रश्न विचारावे. याचा लाभ कोणाला? आणि याची झीज कोण सोसणार? असाध्य दुखणें रोग्यापासून लपविणारीं माणसें घरोघरीं असतात. रोग्यानें खचूं नये म्हणून तें लपविलें जातें, कीं त्याच्यासमोर बसून तें सांगण्याचें दुःख आपणांस नको म्हणून? त्याला निरवानिरव करावयाची असेल, कोणाला भेटावयाचें असेल. तें राहून गेलें तर हानि त्याचीच. अशा वेळीं मौनाला प्रेम म्हणणें सोपें, पण धीरानें खरें सांगून अखेरपर्यंत जवळ बसणें हेंच बहुधा प्रेमाचें काम ठरतें.

नियम हे पिढ्यांच्या अनुभवाचें संचित आहे. तें बाजूला सारण्याचा अधिकार, त्यापासून स्वतःसाठीं कांहींच न मागणाऱ्यालाच पोचतो. निःस्वार्थ प्रेमाची नीति नियमांहून सैल नाहीं. ती अधिक कडक आहे.